गूळ घातलेला अर्क

“वर्षभरात चहात गूळ घालायचं सोडलं ह्या घरानं,” आक्का भिंतीकडे तोंड करून पुटपुटतात. त्यांना वाटतंय मला झोप लागली. मलाही तसंच वाटायला लागलंय. दुपारचे अडीच वाजलेत, सतरंजीवर आम्ही दोघी आडव्या झालोय, आणि पंखा एका फेरीत एकदा कुरकुरतोय.

आक्का ह्यांची थोरली बहीण. उद्या ह्यांचं वर्षश्राद्ध, म्हणून कागलहून आल्यात, येताना माहेरच्या गुऱ्हाळातली गुळाची ढेप घेऊन. आमच्या दोघींच्या मधे छापखान्यातून आलेला कागद पडलाय. वर ठळक अक्षरात ‘खराडे अर्क : घरच्या घरी कीडनियंत्रण’ आणि खाली कृती. उद्या जेवायला येणाऱ्या दोनशे जणांच्या हातात तो द्यायचा, ही ह्यांच्या परसबाग मंडळाची हौस. पाच वाजेपर्यंत मी होकार कळवला की छपाई सुरू.

कृती चांगली आहे. कडुनिंब, सीताफळाचा पाला, लसूण, हिरवी मिरची, गोमूत्र. चूक फक्त शेवटच्या जिनसेत आहे. मूठभर गूळ.

गुऱ्हाळात वाढलेला माणूस. आमटीत गूळ, भाकरीवर गूळ, उन्हातून आलेल्या पोस्टमनला पाण्याआधी गूळ. स्वतः पोस्टात होते तरी. मग अर्कात का नको? फवारा मारला की संध्याकाळपर्यंत वांग्यावर मुंग्यांची रांग, आणि मुंग्यांच्या मागोमाग मावा. हिरवे, बारके किडे, पानाच्या पाठीला चिकटून रस पिणारे. मी पहाटे उठायची, रिठे भिजवलेलं पाणी घुसळायची, आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं एकेक पान खालून पुसायची. हे सातला उठून परसात यायचे आणि म्हणायचे, बघितलंस, एका रात्रीत साफ! अकरा वर्षं. लेकीला माहीत होतं, दूधवाल्याला माहीत होतं. एकदा आक्का पहाटे पाणी प्यायला उठल्या, दारातून मला फडक्यासकट बघितलं आणि तशाच आत गेल्या. कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

आता हा कागद वाटला तर दोनशे परसांत मुंग्या. नाही वाटला तर का नाही, ते सांगायला हवं. आणि ज्या एका गोष्टीसाठी लोक ह्यांचं नाव काढतात, ती मी त्यांच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी काढून घ्यायची.

पंखा कुरकुरतोय. मग ती कुरकुर मिक्सरची होते.

मिक्सर परसात आहे, पेरूच्या झाडाखाली, वायर कुठेच लावलेली नाही आणि तरी चालतोय. हे त्याच्यावर हात दाबून उभे आहेत. पोस्टाची खाकी पँट, वर बनियन, कपाळाला मिरचीचं बी चिकटलेलं.

“अगं, कुठं होतीस? लसूण सोल.”

माझ्या ओच्यात आधीच लसूण आहे. मी सोलायला लागते. तुम्ही गेलात ना, असं विचारावं वाटतं, पण ते घाईत आहेत, आणि घाईतल्या माणसाला असलं काही विचारू नये. तब्येत सुधारलीय. शेवटच्या महिन्यात गळ्याखाली पडलेले खड्डे भरून आलेत.

ते सांगत सुटतात. तिकडे वेळ खूप आहे म्हणे. बदली नाही, रजा नाही. त्यांनी कडुनिंबाच्या पाल्याचे सात प्रकार करून बघितलेत. कोवळा पाला कुचकामी, जून पाला तासभर कुटायचा आणि रात्रभर भिजत ठेवायचा. लसणाचं साल टाकायचं नाही. फवारा दुपारी मारला तर पानं करपतात, ऊन उतरल्यावर मारायचा. हे शेवटचं मी त्यांना नऊ वेळा सांगितलं होतं. मी मान डोलावते, जणू आत्ता कळलं.

पाला काहिलीत पडतो. काहील म्हणजे गुऱ्हाळातली ती अवाढव्य कढई. आम्ही कागलच्या गुऱ्हाळात उभे आहोत, आणि उसाच्या रसाऐवजी तिच्यात हिरवं पाणी रटरटतंय. जाळाचा चटका नाकाला बसतोय. गडीमाणसं नाहीत. चुलीच्या तोंडाशी पोस्टाची लाल पेटी आहे आणि ह्यांनी तिच्यात उसाची चिपाडं घातली की जाळ वाढतो. मला हसू येतं. ह्यांनाही येतं. आम्ही दोघं एवढे खूश कधी होतो, ते आठवावं लागेल. बहुतेक परसात पहिली भेंडी लागली तेव्हा.

ते लांब फळीनं ढवळतात आणि मला बाजूला ओढतात.

“चल, खरी गंमत तिकडे आहे.”

तिकडे म्हणजे पोस्टाचं काउंटर. जाळीच्या मागे स्टूल टाकून ते बसतात, समोर वांग्याचं एक पान ठेवतात आणि भिंग माझ्या हातात देतात. पानावर मावा आहे. माव्याभोवती मुंग्या. ते बोटानं एक मुंगी दाखवतात. ती मिशांनी एका किड्याला हळूच थोपटते, किडा एक चकचकीत थेंब सोडतो, मुंगी तो पिऊन टाकते. मग पुढच्या किड्याकडे. एक किडा पानाच्या कडेला सरकला तर दुसरी मुंगी त्याला वळवून आत आणते.

“गुरं राखल्यागत राखतात गं त्या माव्याला! धार काढतात!” त्यांचा आवाज सगळ्या पोस्टात घुमतो. रांगेतली माणसं वळून बघतात, त्यांना चेहरे नाहीत पण कौतुक वाटतंय हे कळतं. “आणि गोडाच्या वासावर त्यांना बागेत बोलावलं कोणी? मी! गूळ घालून! अकरा वर्षं मी किडीला गुराखी पुरवले.”

माझ्या हातातलं भिंग ओलं झालंय. मी त्यांच्या तोंडाकडे बघते. ते खट्टू झाले असतील, नाक लाल झालं असेल. तसं काहीच नाही. ते मांडीवर थाप मारून हसतायत. पहिल्यांदा रेडिओ उघडून आतलं बघितलं तेव्हा हसले होते, तसे.

मीही काय काय सांगायला लागते. चुलीतली राख कोरड्या पानांवर धुरळली तर भुंगेरे कसे पळतात. आंबट ताक तांब्याच्या तुकड्यासकट ठेवलं तर पानांवरच्या पांढऱ्या भुरीला कसं चालतं. झेंडू टोमॅटोच्या कडेनं का लावायचा. हे सगळं मी कोणाकडून शिकले नाही, बघून बघून जमवलंय, आणि कधी बोलले नाही, कारण शास्त्रज्ञ घरात एकच होता. ते पोस्टाच्या पावतीमागे लिहून घेतात. मधेच थांबवून प्रमाण विचारतात. माझं बोलणं ते लिहून घेतायत, ह्यानं माझे कान गरम होतात.

मग पेन थांबतं.

जाळी नाही, काउंटर नाही. परस आहे, ऊन उतरलंय, आणि वांगी, दोडका, जास्वंद, सगळं तजेलदार उभं आहे. ते एकेका झाडाकडे बघतात. पानं उलटी करून खालची बाजू बघतात. हसू गेलेलं नाही, पण त्याच्यामागे काहीतरी मोजणं चाललंय.

“अगं, मग झाडं जगली कशी?”

मी लुगड्याचा काठ चाचपते. मी लुगडं नेसत नाही.

“हे घे,” ते म्हणतात आणि सीताफळाचं पान माझ्या हातात देतात. “चुरड. वास घे. आणि मग सांग.”

मी अंगठ्याच्या नखानं पान चुरडते. कडवट, उग्र वास थेट डोक्यात चढतो. ते वाट बघतायत. त्यांना खरंच जाणून घ्यायचंय. मी तोंड उघडते

आणि पंखा कुरकुरतो.

सव्वाचार. आक्का चष्मा लावून बसल्यात, एका हातात छापखान्याचा कागद, दुसऱ्या हातात फोन. त्या नाक वर करून हुंगतात आणि विचारतात, सीताफळाचा वास कुठनं येतोय. आमच्याकडे सीताफळ नाही. सगळ्यात जवळचं झाड तीन गल्ल्या पलीकडे. मी हात पुढे करते. उजव्या अंगठ्याच्या नखात हिरवा चोथा आहे, ओला. आक्का तो बघतात, माझ्याकडे बघतात, आणि त्यावर काही विचारत नाहीत. न विचारण्यात त्या पटाईत आहेत.

त्या कागदाची शेवटची ओळ मोठ्यानं वाचतात. ‘ह्याच अर्काच्या बळावर कै. रंगराव खराडे यांनी अकरा वर्षं बाग जगवली.’ छापखान्यातला माणूस फोनवर थांबलाय. त्या फोनवर हात ठेवतात.

“हो म्हणू का गं, शालन?”

“नको,” मी म्हणते. “गूळ काढायला सांगा. आणि ती ओळ पण. बाग ह्यांनी नाही जगवली, आक्का. मी जगवली.”