तारेवरची वानरी

फुलंब्रीत तेव्हा नुकतीच वीज आली होती. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची. शहरातून रोज एसटीनं जायची-यायची. एका सकाळी शाळेमागच्या तारेचा झटका बसून एक वानरी मेली. खाली पडली तरी पिलू तिच्या पोटाला बिलगूनच होतं, काळपट केसांचं, फिक्या तोंडाचं. टोळी घाबरून लांबच्या चिंचांवर जाऊन बसली.

शाळेशेजारी राहणाऱ्या चाचींनी पिलाला ओढणीत घेतलं. त्यांची शेळी दुभती होती. मी सांभाळते, म्हणाल्या. हेडमास्तरांचं मत, शहरात प्राणिसंग्रहालयात देऊन टाकू. दोघांच्या मनात माया होती, पण मला ते पटेना.

वर्गात मी तेव्हा माकडांचाच धडा शिकवत होते. चिंपांझी, गोरिला यांना शेपूट नसतं. ते माकडांपेक्षा आपल्याला जवळचे. शेपटीवाल्यांतही लाल तोंडाचं माकड निराळं अन् काळ्या तोंडाचं वानर निराळं. माकडीण आपल्या तान्ह्याला सहसा दुसरीला हात लावू देत नाही. वानरी मात्र पिलं एकमेकींकडं देतात, या मांडीवरून त्या मांडीवर.

"टोळीतच दुसरी आई मिळंल याला," मी म्हणाले.

"अन् नाय घेतलं तर?" चाचींनी विचारलं.

"तर तुमची शेळी हायेच. पण आधी त्यांना विचारू."

चिंचांखालच्या बांधावर पिलू ठेवलं. कुत्री यायला नकोत म्हणून मी अन् चाची काठ्या घेऊन दूर बसलो. ऊन चढलं. पिलू चिरकत राहिलं. एक हुप्प्या खाली येऊन आमच्यावर दात विचकून गेला. हेडमास्तरांनी दोनदा निरोप पाठवला, पुरे झालं म्हणून. मी उठले नाही. संध्याकाळची एसटी हुकणार, हे दिसत होतं.

उन्हं कलली तेव्हा एक वानरी उतरली. तिच्या पोटाला स्वतःचं पिलू होतं. तिनं आमच्याकडं पाहिलं, वास घेतला अन् एका हातानं त्याला उचलून छातीशी धरलं. ते लगेच प्यायला लागलं. चाचींनी काठी खाली ठेवली अन् डोळे पुसले.

ती रात्र मी चाचींकडंच राहिले. सकाळी टोळी तिथंच होती, दोन्ही पिलं त्या वानरीजवळ. आम्ही दोघी मग तडक वीज कचेरीत गेलो. साहेब नाहीत, म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत गेलो, अन् त्यांनी ती तार उंच ओढेपर्यंत जातच राहिलो.