मिठाला 'बस' म्हणणाऱ्या सरलाकाकू

अमेरिकेतल्या पार्सिपनीत मराठी लोकांत कुजबुज अशी होती, की सरलाकाकू वारल्या तरी कामावरून काही सुटल्या नाहीत. 'सरलाज् ठेचा'च्या भाड्याच्या किचनमध्ये त्या दर गुरुवारी येतात आणि मीठ घालून जातात! नाहीतर सुनेच्या हाताला हुबेहूब तीच चव कशी? मराठी मंडळातल्या सलोनीने तर बांगड्या वाजलेल्या ऐकल्या होत्या. शेजारी झोपलेल्या नवऱ्याचं घोरणं तिला ऐकू येत नाही, ती गोष्ट वेगळी.

या अफवेवर सगळ्यात जास्त विश्वास होता तो त्या सुनेचाच, म्हणजे रेणूचा.

मंडळाच्या पॉटलकसाठी, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणासाठी, भरलेल्या सहा बाटल्यांवर सुरू झालेला हा ब्रँड, पण कृती कुणी कधी लिहिली नव्हती. रेणू मुठीने मीठ सोडायची आणि सासूबाई पाठीशी उभ्या राहून नुसत्या वासावरून "बस" म्हणायच्या. चाखायचं कुणीच नाही. पहिला चमचा देवापुढे, मग माणसांना. दोनशे बाटल्यांचा घाणा असला तरी!

त्या जाऊन वर्ष झालं. तरी मिरच्यांचा खकाणा उठला, की रेणूच्या मानेवर गार श्वास यायचा आणि मागून तेच, "बस." ती वळून बघायची नाही.

नवऱ्याने, ऋषीने, बजावलं होतं, "यार रेणू, लेबलवर आईचा फोटो आहे. चव बिघडली त्या दिवशी ब्रँड बंद."

आणि एका गुरुवारी "बस" आलंच नाही. रेणू हात तसाच धरून उभी. नुसता पंखा घरघरतोय. तिने घाबरून सासऱ्यांना, प्रतापकाकांना, फोन लावला.

"बाबा, आज आई आल्याच नाहीत!"

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हात कुठंय तुझा?"

"थांबलाय. मघाशीच."

"मग बाटल्या भर."

"पण आईंनी..."

"अगं, केमो झाल्यापासून सरलाच्या नाकाला वास आणि जिभेला चव होती कुठे? खीर आणि कढी तिला सारखीच! धंदा बुडेल म्हणून कुणाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली होती. तुझा हात थांबलेला बघायची, मग 'बस' म्हणायची."

रेणूने पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. भिंत होती, मॉप होता. तिने देवाच्या आधी बोट बुडवून ठेचा चाखला.

सरलाकाकू मेल्यावर कधीच आल्या नव्हत्या. शेवटची तीन वर्षं त्या जिवंत असतानाही मीठ रेणूच घालत होती.