ज्येष्ठमधाचा चहा

गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या जागेत कुलूपकाकांचं दुकान होतं. दुकान कसलं, पुढे एक फळी, मागे खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या आणि मध्ये पाय दुमडून बसता येईल एवढी जागा. अडलेलं कुलूप कानाशी धरून ते आतला आवाज ऐकायचे आणि गिऱ्हाईक मध्ये बोललं तर त्याला हातानेच गप्प करायचे. लग्न केलं नाही. वरच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची थोरली बहीण राहायची. ताई ऐन तारुण्यात विधवा होऊन परत आली आणि भावाचं घर सांभाळता सांभाळता म्हातारी झाली. दिवसभर दोघांचे खटके उडायचे, पण एकाचं दुसऱ्यावाचून पान हलायचं नाही.

त्यांच्या आईचा पाय मधुमेहाने गेला होता. आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. ते दोघांनीही डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे तपासणीत दोघांची साखर काठावर निघाली, तेव्हा काकांचं धाबंच दणाणलं. त्यांनी साखरेचा डबा त्याच दिवशी घराबाहेर काढला. ताई कुरकुरली. गोड चहा ही तिची एकुलती एक चैन होती.

ते पाहून काका साखरेला पर्याय शोधायच्या मागे हात धुऊन लागले. गोळ्या नकोत, ते रसायन. मध आणि गूळ म्हणजे कपडे बदलून आलेली साखरच, हे त्यांना डॉक्टरांनी पटवलं होतं. गोड पानांची पूड आणली, तर पाकिटावरची बारीक अक्षरं भिंगाखाली धरल्यावर कळलं की पानं नावालाच, बाकी भलतंच काही. शेवटी औषधी मुळ्या विकणाऱ्याकडे त्यांना ज्येष्ठमध दिसलं आणि जीव भांड्यात पडला. लहानपणी खोकल्याला हेच चघळत होतो की! झाडाचं मूळ, डोळ्यांसमोर कुटून घेतलेलं. यात कसली आलीय भेसळ?

ताईने पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, पण हळूहळू तिला ती चव आवडू लागली. सकाळी चहात, दुपारी नुसत्या गरम पाण्यात, संध्याकाळी पुन्हा. काका स्वतः एक कप घ्यायचे, ताई हवं तेवढं प्यायची. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी पुड्या बांधून शेजारीपाजारीही वाटल्या.

थंडी सरता सरता ताईच्या पावलांवर सूज आली. चपलेचा पट्टा लागेना. बीपी वाढलं होतं. नेहमीच्या डॉक्टरांनी लघवी होण्याची गोळी सुरू केली आणि विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? काकांनी ठामपणे नाही म्हणून सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी ज्येष्ठमध हे औषध नव्हतंच, तो चहा होता.

त्यानंतर ताईच्या अंगातली ताकदच गेली. जिना चढताना मांड्या भरून यायच्या, भरलेली किटली उचलवेना. वय झालं, असं ती म्हणायची. काका तिला आग्रहाने आणखी एक कप करून द्यायचे, तेवढीच तरतरी येईल म्हणून. एका सकाळी ती न्हाणीच्या उंबऱ्याशी कोसळली. खुब्याचं हाड मोडलं होतं.

इस्पितळात रक्त तपासलं आणि धावपळ सुरू झाली. रक्तातलं पोटॅशियम पार तळाला गेलं होतं. हृदयाचे ठोके अडखळत होते. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी काकांना बाहेरच्या बाकावर बसवून ताईच्या खाण्यापिण्याची खोदून खोदून चौकशी केली. साखरेचा विषय निघाला तसे काका थोडे खुलले. आम्ही साखर केव्हाच सोडली, म्हणाले, ज्येष्ठमध वापरतो.

बाईंनी कागदावरून मान वर केली. "रोज? किती महिने?"

काकांनी सांगितलं. बाईंनी आवाज न चढवता समजावलं की हे मूळ कधीतरी घशासाठी चघळणं वेगळं. रोज इतकं पोटात गेलं तर बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, आणि वर लघवीची गोळी असेल तर आणखीच. म्हाताऱ्या माणसाला ते झेपत नाही.

"पण ते नैसर्गिक आहे," काका म्हणाले. त्यांचं त्यांनाच ते कसंसं वाटलं.



ठोके जाग्यावर आले, खुब्याचं ऑपरेशन झालं, पण ताई पुन्हा उभी राहिली नाही. तिला घरी आणण्याच्या आदल्या दिवशी काका वाटलेल्या पुड्या परत मागायला दारोदार फिरले. कुणी मुकाट्याने दिली. दोघातिघांनी ती कधीच फेकली होती. समोरच्या निवृत्त मास्तरांनी मात्र द्यायला साफ नकार दिला. आम्हाला तर काही झालं नाही, उलट पोट साफ राहतं, असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.  शेवटी काकांनी मास्तरांच्या सुनेला जिन्यात गाठून सगळं सांगितलं आणि खाली मान घालून घरी आले.

अंथरुणावर पडल्या पडल्या ताईने एकदा विचारलं, "तुझा तो मुळाचा चहा का रे बंद केलास? चांगला लागायचा."

काकांना सहज थाप मारता आली असती. पण ते खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "ताई, त्यानेच तुझं हे झालं. मी पाजला म्हणून झालं."

 ताईने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या आठवड्यात ती त्यांच्याशी कामापुरतंसुद्धा बोलली नाही. जेवण भरवलं तर जेवायची, कूस बदलली तर बदलू द्यायची. पुढे ती पुन्हा बोलू लागली, खिडकी लाव, उशी सरक, एवढंच. पूर्वीसारखे खटके काही पुन्हा उडाले नाहीत. काकांना त्याचाच सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. तिने एकदा तरी शिव्या घालाव्यात म्हणून ते मुद्दाम भाजीत मीठ जास्त घालायचे. ती खाऊन घ्यायची.

पुढच्या थंडीत छातीत कफ भरल्याचं निमित्त झालं आणि ताई गेली.

काकांनी दुकान पुन्हा उघडलं. दुखण्यासाठी डॉक्टरांकडे गेले की आता ते न विचारता सगळं सांगत बसतात: सकाळी काय प्यायलो, कशात काय घातलं, शेजारणीने कसला काढा दिला. मागची माणसं खोळंबतात, कुरकुरतात. डॉक्टर घड्याळाकडे बघतात. काका तरी सांगतच राहतात.