दिवट्यांचा मान

आडनावाला कुणी नाक मुरडलं की यमुनाबाई दिवटे पदर खोचायच्या आणि थेट नर्मदेपासून सुरुवात करायच्या. धरमपुरीच्या उतारावर मराठी फौज अंधारात अडली, तेव्हा गणोजी नावाचा गडी पेटती दिवटी धरून पहाटेपर्यंत छातीभर पाण्यात उभा राहिला. त्या उजेडात सारी फौज पार झाली. त्याचं आधीचं आडनाव काय होतं, देव जाणे. पलीकडच्या काठावर तो दिवटे झाला, आणि धारच्या दसऱ्याची पहिली मशाल त्याच्या घराकडे आली.

"लोकांची आडनावं गावावरून पडतात," बाई म्हणायच्या, "आमचं कमावलेलं आहे!"

दक्षिणेत असतील दिवटे ढीगभर. माळव्यात मात्र बोटांवर मोजावेत इतकेच. धारला दोन घरं, देवासला एक, हाटपिपल्याला एक. प्लेगनं हाटपिपल्याच्या घराला कुलूप लावलं. धारच्या थोरल्या घराचा वंश खुंटला. आणि देवासचे धाकटे दीर, भगवंतराव, कचेरीत कारकून लागले नि चक्क जाधव होऊन बसले.

"वहिनी, दिवटे सांगितलं की लोक हसतात. म्हणतात, तेलाची बुधली कुठाय?"

"आणि जाधव सांगितलं की काय विचारतात? सरदार, हत्ती कुठाय?"

भगवंतरावांनी मान खाली घातली, पण आडनाव काही परत घेतलं नाही. म्हणजे उरलं एकच घर, धारचं धाकटं, यमुनाबाईंचं.

एकोणीसशे नऊ सालच्या श्रावणात त्या घरावरही घाला पडला. यमुनाबाईंचे यजमान मारुतराव यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. एकुलती लेक मालन राजगडला दिलेली. दसरा तोंडावर आला. रिवाज असा, की धारच्या राजवाड्याच्या दरवाजात चोपदार मानकऱ्यांना आडनावानं पुकारतो. तीन हाकांत 'हजर' आलं नाही, तर तो मान कायमचा संपला. संस्थानचे कारभारी तात्यासाहेब यांना तर तो संपलेलाच बरा होता.

"आता गॅसबत्त्या आल्यात बाई. धूर हवाय कुणाला?"

बाईंनी मुकाट्यानं देवासला निरोप धाडला. भगवंतराव आले, भावाचे पाय चेपत बसले, रडलेसुद्धा. "मशाल मी धरतो, वहिनी. रक्त तर दिवट्यांचंच आहे ना!"

दसऱ्याला दिवस कलला. बाईंनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या पिळून मशाल बांधली होती. ते काम पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या बायकांचंच. मारुतरावांना गड्यांनी खाटेसकट वाड्याच्या दरवाजाशी आणून कडेला ठेवलं. हत्ती सजला, नगारा घुमला. भगवंतराव मशाल घेऊन उभे राहिले आणि त्यांची नजर पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे गेली. तिथे जयसिंगराव बसलेले, देवासच्या कचेरीतले त्यांचे साहेब! त्यांच्याकडे हे जाधव म्हणून चाकरीला होते.

"दिवटे!" चोपदारानं पुकारलं.

भगवंतरावांची दातखीळ बसली.

"दिवटे!"

"भाऊजी, बोला की!" यमुनाबाई कळवळून म्हणाल्या. भाऊजींची नजर साहेबांच्या खुर्चीवरून हटेना. खाटेवर मारुतराव धडपडत होते. ओठ हलत होते, पण आवाज फुटेना. ते बघून बाईंच्या काळजाचं पाणी झालं, आणि मग त्यांना असा संताप आला की भीडभाड कुठल्या कुठे गेली.

"दिवटे!"

"हजर!"

दिरांच्या हातातली मशाल हिसकून बाई पुढे झाल्या. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अरे भिया, या तो काकीसाब हे!"

तात्यासाहेब ताडकन उठले. "बाई, हा मान दिवट्यांचा आहे!"

"म्हणूनच आले. जन्मानं मी मोऱ्यांची. अक्षता पडल्या त्या दिवशी दिवटे झाले, आणि ते नाव एक दिवस खाली ठेवलं नाही. जन्मानं दिवटे असलेले हे उभे आहेत, त्यांना विचारा ते कोण!"

तात्यासाहेब हळूच खाली बसले. चोपदारानं काठी आपटली. "दिवटे हजर!"

मशाल पेटली. मारुतरावांच्या डोळ्यांना धार लागली, आणि बाई हत्तीपुढे ताठ मानेनं चालू लागल्या.

वाड्यासमोरच्या चौकाशी, पाहुण्यांच्या खुर्च्यांजवळच, ज्योत मंदावली. तेल हवं होतं. बाईंनी वळून पाहिलं, तर भगवंतराव बुधली घेऊन मागे धावत येत होते. खुर्चीतून जयसिंगरावांनी हाक मारली, "अहो जाधव, हे काय?"

"दिवटे, साहेब," भगवंतराव तेल ओतता ओतता मोठ्यानं म्हणाले. "आम्ही दिवटे."