दसऱ्याच्या माळा आणि घाटात तापलेली गाडी

बाळांनो, आजोबांची उंच काळी डिझेलची गाडी तुम्हाला आठवत असेल. मागच्या खेपेला धाकटीने तिच्या सीटवर चिकू चिरडला होता, त्याचा डाग अजून आहे. मीटर तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेला आहे.

एवढी जुनी गाडी का ठेवली, असं सगळे विचारतात. आजोबांचे गुडघे बदलल्यापासून त्यांना वाकून कुठल्या गाडीत शिरता येत नाही. हिची सीट त्यांच्या कमरेइतकी उंच. ते पाठमोरे टेकतात आणि मग एकेक पाय आत घेतात. रिक्षात बसायचं म्हटलं तर मला आणि रिक्षावाल्याला दोघांनाही घाम फुटतो. थोडक्यात, गाडी गेली की आजोबा घरात.

म्हणून रोज चहाआधी, इंजिन गार असताना, ते खाली जातात. जुन्या बनियनच्या तुकड्याने ऑइलची पट्टी पुसतात, रेडिएटरचं पाणी बघतात. आवाज जरा बदलला की गॅरेज. बॅटरी मरायच्या आधी बदलायची, पट्टा तुटायच्या आधी. स्वतःची रक्तदाबाची गोळी मात्र मला आठवण करून द्यावी लागते.

गाडीचं पुन्हा पासिंग करून घेतलं तेव्हा तुमचे बाबा फोनवर वैतागले. "बाबा, घाटात अडकलात तर कोण येणार? मी इथून?"

"रस्त्यात एकदा जरी तिने दगा दिला, तर काढून टाकीन," आजोबा म्हणाले.

आजोबा शब्द मोडत नाहीत. त्यामुळे धास्ती मलाच.

दसऱ्याला आम्ही बोरिवलीहून ठाण्याला तुमच्या आत्याआजीकडे जातो. आजोबांची ही मोठी बहीण आता घराबाहेर पडत नाही. ते तिच्या हातावर आपट्याची पानं ठेवतात आणि ती दर वर्षी म्हणते, "पुढच्या वर्षी मी असेन की नाही, कोण जाणे."

यंदाही निघायच्या आधी खाली गाडीची पूजा झाली. आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक जण आपापल्या गाडीला माळ घालतो, पण आजोबांच्या गाडीला सगळेच घालतात. कुणाला हिने बाळंतपणाला नेलं, कुणाचा फ्रिज आणला, सोसायटीचा गणपती तर दर वर्षी हिच्यातूनच विसर्जनाला जातो. यंदा झेंडूच्या माळा इतक्या झाल्या की समोरची जाळी दिसेना. मी म्हटलं, दोनचार मागे बांधा. पण पाठीला हार कोण घालतं?

"आजोबा, नवरी दिसतेय तुमची गाडी!" शेजारच्या वहिनी म्हणाल्या.

"नवरी कसली, पणजी आहे ती," आजोबा म्हणाले, पण खूश होते.

हायवेवर काही त्रास नव्हता. घोडबंदरच्या घाटात ट्रॅफिक तुंबलं आणि तापमानाचा काटा चढू लागला. आजोबांनी एसी बंद केला आणि भर उन्हात हीटर लावला. त्याने इंजिनची गरमी थोडी बाहेर पडते म्हणे. आम्ही दोघं मात्र शिजत होतो. तरी काटा लालकडेच. शेवटी त्यांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

मागून एक टेम्पोवाला ओरडला, "ओ काका, म्हातारीला घाटात कशाला आणली?"

आजोबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. "संपलं गं. पोराला सांगायला हवं."

"आधी ठाण्याला ताईंना फोन करा, उशीर होईल म्हणून."

"तिला काय सांगू? पुढच्या वर्षी येणार नाही म्हणून?"

मला ते ऐकवेना. मी खाली उतरून पुढे गेले. पंख्याने ओढून सगळ्या माळा ओल्या फडक्यासारख्या जाळीला चिकटल्या होत्या. हात आत जाईना, तिथे वारा कुठून जाणार?

"अहो, या बघा! सगळ्यांनी मिळून हिचं नाकतोंड बांधलंय!"

आजोबा दाराला धरून उतरले. बघत राहिले आणि मग कपाळावर हात मारला. पूजेची फुलं रस्त्यावर टाकवेनात, म्हणून एकेक माळ सोडवून ते माझ्याकडे देत गेले आणि मी ती डिकीत ठेवत गेले. इंजिन चांगलं गार झाल्यावर त्यांनी पाणी पाहिलं. ते जागच्या जागी होतं. मग घाट चढून ठाण्यापर्यंत काटा मध्यावरून हलला नाही.

तरी आत्याआजीकडे पोहोचताच आजोबांनी तुमच्या बाबांना फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं.

"तापली कशाने पण?"

"फुलांनी."

 तिकडे तुमच्यापैकीच कुणीतरी मागून विचारलं, "आजोबा, गाडीला ताप आला होता?" आणि तुमचे बाबा हसायला लागले.

"बाबा, हा दगा तिचा नाही. अख्ख्या बिल्डिंगचा आहे. हा नाही धरायचा."

आजोबांना पटत नव्हतं. शब्द तो शब्द, असं काहीतरी पुटपुटत होते. तेव्हा आत्याआजीने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. "पोरासमोर काय कबुली देतोस रे? पुढच्या वर्षी माळा मागे बांध आणि लवकर नीघ."

मग तिने सोन्यासाठी हात पुढे केला. दर वर्षीचं ते वाक्य यंदा ती बोललीच नाही.