पृथ्वी एक शेर एक तोळा

मंगळवार पेठेतल्या चनबसप्पा काटेवाल्याकडून कुणी दोन गोड शब्द ऐकून आलंय, असं पेठेत कुणालाच आठवत नव्हतं. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आधीच त्याच्या कपाळाला आठी. तराजूचा भाव पाडून मागणाऱ्याला तो सरळ म्हणायचा, "पुढच्या दुकानात स्वस्त हाय. तितं घ्या, आन् जन्मभर खोटं जोखा." माणूस मूळचा अक्कलकोटाकडचा, घरात कानडी, बाजारात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. पण त्याचा काटा म्हणजे काटा. बार्शीचे व्यापारी स्वतःच्या गावात तराजूवाले असताना सोलापुरात यायचे, ते काय याची बोलणी खायला?

त्याची एक रीत होती, बापाकडून आलेली. नवा तराजू तयार झाला की तो आधी रिकामा टांगायचा. काही न घालताच एक बाजू तसूभर झुकली, तर त्या फरकाला पासंग म्हणतात. मग हलक्या बाजूला शिशाचा कण लावायचा, पुन्हा टांगायचा, पुन्हा बघायचं. रिकामा काटा सरळ उभा राहिला की मगच छिन्नीनं दांडीवर तीन आडव्या रेघा ठोकायच्या, कपाळावरच्या विभूतीसारख्या. त्या रेघा दिसल्या की बाजारात पुढं कुणी काही विचारत नसे. सरकारी शिक्का काय, तो नंतर होतच होता.

तेहतीस सालच्या पौषात त्याच्याकडं वेणीमाधव मास्तर आले. पेठेजवळच्या एका शाळेत गणित शिकवायचे. अंगानं काडी, आणि नजर कायम आभाळात. आल्या आल्या त्यांनी दुकानातली पाटीच ओढून घेतली.

"चनबसप्पा, चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, हे ऐकलंय ना तुम्ही? ते अर्धंच खरं आहे. दोघंही एका तिसऱ्याच बिंदूभोवती फिरतात. दोघांचा मिळून जिथं तोल, तो बिंदू."

"कुटं हाय त्यो?"

"तेच काढायचं. पृथ्वी चंद्राच्या एक्याऐंशी पट जड. चंद्र एक तोळा धरला, तर पृथ्वी किती?"

"एक शेर एक तोळा," चनबसप्पा मान वर न करता म्हणाला. ऐंशी तोळ्यांचा शेर, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"बरोबर. एक्याऐंशी आणि एक, ब्याऐंशी. दोघांमधलं अंतर दोन लाख एकोणचाळीस हजार मैल. त्याचे ब्याऐंशी भाग करा. पृथ्वीच्या मध्यापासून पहिल्या भागावर तोल. म्हणजे दोन हजार नऊशे पंधरा मैल. आणि मध्यापासून वर जमिनीपर्यंत येतात जवळपास चार हजार." मास्तरांनी पाटीवर टिचकी मारली. "म्हणजे तो बिंदू पृथ्वीच्या पोटातच आहे. पृथ्वीसुद्धा त्याच्याभोवती डुलते."

जड ते जवळ, हलकं ते लांब. हा तर काट्याचाच हिशेब, चनबसप्पाला वाटलं. आभाळातसुद्धा आपलाच धंदा चालतो हे बघून तो मनातून सुखावला, पण तसं तोंडानं कशाला बोलेल? "काम काय ते सांगा," म्हणाला.

काम असं होतं. ब्याऐंशी इंचांची सागवानी दांडी. एका टोकाला एक शेर एक तोळ्याचा लोखंडी गोळा, ही पृथ्वी; दुसऱ्या टोकाला तोळ्याचा चंद्र. पृथ्वीच्या मध्यापासून एक इंचावर दोर बांधून टांगलं की दांडी आडवी राहायला हवी. शनिवारी शाळेचं संमेलन होतं, तिथं मास्तर ते सगळ्यांना दाखवणार होते. घाई फार. मास्तर म्हणाले, सुटे भाग द्या, जोडणी मी करीन.

चनबसप्पानं गोळे गुंजेपर्यंत जोखून दिले. आणि दांडी मास्तरांच्या हातात देताना, काय सुचलं कोण जाणे, छिन्नी घेतली आणि तीन रेघा ठोकून मोकळा झाला. तो तराजू नव्हताच, त्यामुळं रिकामा टांगून बघायचं मनातही आलं नाही. हात आपला सवयीनं चालला.

शनिवारी शाळेच्या पटांगणात निम्मी पेठ जमली होती. चनबसप्पा पांढरा रुमाल बांधून मागच्या रांगेत बसला, आपण सहज आलोय असं तोंड करून. मास्तरांनी फळ्यावर गणित मांडलं. झकास मांडलं. मग हुकाला दोर अडकवला आणि दांडी सोडली.

चंद्र दणकन खाली आला आणि टेबलावर आपटला.

मास्तरांनी तो उचलून सारखा केला. पुन्हा दणकन. मुलं फिदीफिदी हसायला लागली. मास्तर फळ्याकडं बघतायत, दांडीकडं बघतायत. पुढच्या रांगेतले भुसार व्यापारी मल्लप्पा वाकून दांडी न्याहाळत होते. ते सहजच म्हणाले, "ह्यावर चनबसप्पाच्या रेघा हायत की."

बाकी लोक गणित विसरले, एवढंच लक्षात ठेवून घरी गेले.

रविवारी सकाळी दुकानात तीन तराजू परत आले. कुणी भांडलं नाही. "जरा तपासून ठेवा," एवढंच. त्यातला एक मल्लप्पांचा, अकरा वर्षांपूर्वी नेलेला. भांडले असते तर चनबसप्पानं चौघांना पुरून उरेल एवढं ऐकवलं असतं. पण हे असं हळू आवाजात सांगणं म्हणजे धंदा संपल्याची खूण. एका रेघेवरचा विश्वास गेला की सगळ्या रेघांवरचा गेला.

तो मास्तरांच्या नावानं बोटं मोडत बसला. "तरी मला वाटलंच हुतं. आभाळातलं गणित आभाळात ठेवावं. एक इंच म्हणे."

गौरम्मा, त्याची बायको, ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "अहो, पर तुमी ती दांडी रिकामी टांगून बघितली हुती का?"

चनबसप्पा उठला, चपला घातल्या आणि थेट मास्तरांच्या घरी गेला.

तिथं वेगळाच प्रकार. मास्तर कागदांच्या ढिगात बसलेले, तोंड सुकलेलं. अकरा वेळा गणित केलं होतं, अकरा वेळा एकच इंच आला होता. "माझंच कुठंतरी चुकतंय," ते म्हणाले. "वर्गात कसा उभा राहू?"

"गणित ऱ्हाऊ द्या. दांडीचं वजन कुटं धरलं ते दावा."

"दांडीला वजन नाही असं समजायचं असतं. पुस्तकात तसंच असतं."

"पुस्तकातली दांडी कंच्या झाडाची?"

मास्तर त्याच्याकडं बघतच राहिले. मग कपाळावर हात मारून हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. दांडी होती पंधरा तोळ्यांची, आणि तिचा मध्य दोरापासून चाळीस इंच लांब. तिच्यापुढं एक इंचावरची शेरभर पृथ्वी काय टिकणार?

उपाय चनबसप्पाच्या हातचा मळ होता. दांडीला पृथ्वीमागं हातभर शेपूट जोडलं आणि त्याला शिसं टांगलं. शिसं तासत तासत, गोळ्यांशिवाय नुसती दांडी आडवी आणली. आणि त्या तीन रेघा कानशीनं घासून साफ केल्या.

मंगळवारी भर बाजारात, दुकानासमोर, त्यानं दांडी टांगली. ज्यांनी तराजू परत धाडले होते त्यांना स्वतः जाऊन बोलावून आणलं होतं. मास्तर शेजारी उभे होते.

"शनवारी ह्या दांडीवर माझ्या रेघा हुत्या," चनबसप्पा म्हणाला. "त्या मी न बघता ठोकल्या. मास्तरांचं गणित खरं हाय. खोटं माझ्या हातनं झालं."

मास्तर पुढं झाले. "दांडीचं वजन मी धरलं नाही. चूक माझीही."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. चनबसप्पाला वाटलं, बोलायला नको होतं, आता होतं तेही गेलं. पण बोलून झालं होतं. त्यानं रिकामी दांडी सोडली. आडवी राहिली. मग पृथ्वी चढवली, चंद्र अडकवला आणि हात काढला. चंद्र जागचा हलला नाही. मास्तरांनी बोटानं हळूच ढकललं, तसा तो भला मोठा फेरा घेत निघाला, आणि इकडं दोराशी पृथ्वी जेमतेम इंचभर डुलत राहिली. बाजारातली माणसं माना फिरवत बघत होती.

चनबसप्पानं छिन्नी घेतली आणि सगळ्यांसमोर तीन रेघा ठोकल्या.

गर्दी पांगली तसे मल्लप्पा दुकानात चढले आणि फळीवरचा आपला तराजू काढून काखेत मारला.

"थांबा की. रिकामा धरून दावतो," चनबसप्पा म्हणाला.

"कशाला? रेघा हायत की ह्याच्यावर," मल्लप्पा म्हणाले, आणि पायरी उतरून बाजारात गेलेसुद्धा.

शनिवारपासून चनबसप्पाच्या पोटात धड घास गेला नव्हता. त्याचा जीव भांड्यात पडला आणि तो गादीवर बसला. मग आत बघून म्हणाला, "गौरम्मा, भूक लागलीया. वाढ कायतरी."