माकडांसमोर बोलायचं नाही

माकडांची देखभाल हेच करिअर करायचं आहे, असं सांगत दर वर्षी काही मुलंमुली आमच्या बचाव केंद्रात येतात. "मला प्राण्यांचं फार वेड आहे," हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असतं. मी विचारते, सकाळी सातला टोपलीभर काकड्या-गाजरं चिरता येतील का? फरशी घासता येईल का? आणि दिवसभर तोंड बंद ठेवता येईल का? पहिल्या दोन प्रश्नांना सगळे मान डोलावतात. तिसऱ्याला हसतात. हसणाऱ्यांपैकी बरेच जण महिन्याभरात निघून जातात, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

तोंड बंद ठेवण्याचा नियम मीच केलेला. आमचं केंद्र बंगळूरच्या दक्षिणेला, शहर संपता संपता आहे. तारेचा शॉक बसलेली, गाडीखाली सापडलेली, कुणी हौसेने साखळी घालून पाळलेली माकडं आमच्याकडे येतात. त्यांना बरं करायचं, त्यांची एक टोळी जमवायची आणि ती टोळी जंगलात सोडायची, हे आमचं काम. यात सगळ्यात अवघड असतात ती अनाथ पिल्लं. दूध पाजणाऱ्या माणसाचा चेहरा आणि आवाज पिल्लाच्या डोक्यात बसला, की ते मोठेपणी माणूस दिसताच जवळ जाणार. माणूस कधी केळं देईल, कधी दगड मारेल, कधी गळ्यात साखळी अडकवेल. असं माकड सोडता येत नाही, त्याचा सगळा जन्म पिंजऱ्यात जातो. म्हणून पिल्लांच्या खोलीत आम्ही सगळे एकसारखे राखाडी कोट घालतो, तोंडावर मास्क लावतो, पिल्लांना नावं देत नाही आणि एक अक्षर बोलत नाही. हा नियम मी कन्नडमध्ये, इंग्रजीत, हिंदीत आणि माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये लिहून भिंतीवर लावला होता. मराठीत लावला नव्हता. मराठी वाचणारी तिथे मी एकटीच होते.

आमचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्यांपासून आहे, की मूळ गाव कोणतं असं विचारलं तर प्रत्येक काका वेगळं उत्तर देतो. राजाजीनगरच्या घरात आता आई आणि मी, दोघीच. मी बँकेत लागावं अशी तिची फार इच्छा होती. "माकडं राखायला एमेस्सी कशाला लागते गं?" हा तिचा प्रश्न बरीच वर्षं चालला. एकदा स्थळ आलं होतं. मुलाच्या वडिलांनी नोकरीचं विचारलं, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवून त्यांना डोक्यावर टोपीसारखे केस असलेल्या आमच्या टोपी माकडांच्या टोळीत आजी, आई आणि मुलगी यांचा दरारा कसा चालतो ते सविस्तर सांगितलं. मुली जन्मभर आईपाशी राहतात आणि नर घर सोडून जातात, हेही सांगितलं. ती मंडळी पुन्हा आली नाहीत. आई दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच खदखदून हसली.

पण आमचं बोलणं कमी होत गेलं, हे खरं. मी सकाळी सहाला निघायची, दोन बस बदलून संध्याकाळी परत. आई काहीतरी सांगत असायची आणि मी फोनवर नजर ठेवून "हं" किंवा कन्नडमधलं "सरी" म्हणायची. दिवसभर गप्प राहण्याचीच नोकरी आहे, घरी आल्यावर कशाला बोलायचं, असं माझं तेव्हाचं तत्त्वज्ञान होतं.

जयनगरच्या एका गल्लीतून फोन आला तो अशाच एका सकाळी. विजेच्या तारेवरून एक माकडीण पडली होती आणि पिल्लू तिच्या पोटाला चिकटलेलं होतं. माकडीण गेलेली होती. पिल्लू मादी होतं, जेमतेम दोन आठवड्यांचं, काळ्या केसांचं, चेहरा गुलाबी, आणि कान डोक्याच्या मानाने भलतेच मोठे. त्याची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली. केंद्रात आणून मी त्याला कापडी बाहुलीला चिकटवलं आणि ड्रॉपरने दूध पाजलं. दर दोन-तीन तासांनी पाजायचं होतं. दिवसाच्या पाळ्या मी स्वतःकडे घेतल्या, कारण माझ्याइतक्या शिस्तीत कुणी पाजणार नाही याची मला खात्री होती.

तिसऱ्या दिवशी ते दूध थुंकायला लागलं. खोलीत मी एकटी. ओठ मिटून ते माझ्याकडे बघत राहिलं आणि माझ्या तोंडून आलं, "काय गं बयो, रुसलीस होय? पी की स्वल्प." आई मला बयो म्हणते. ते ऐकून पिल्लाने कान हलवले आणि ते प्यायला लागलं.

मी थांबायला हवं होतं. पण मला, खरं सांगायचं तर, ते बोलणं वाटलंच नाही. नियम कन्नडसाठी होता, इंग्रजीसाठी होता, केंद्रातल्या लोकांच्या भाषांसाठी होता. मराठी ही माझी घरातली, चपला काढल्यावरची भाषा. ती कामावर मोजावी लागेल असं डोक्यातच आलं नाही. मग रोजचंच झालं. बसमधली भांडणं, आईच्या गुडघ्याचं दुखणं, जे स्थळ आलं त्याच्याबद्दल मला खरं काय वाटलं होतं, सगळं मी त्या मुठीएवढ्या जिवाला सांगत असे. दार उघडल्याचा आवाज आला की गप्प. आणि बाहेर येऊन नव्या मुलांना बोलल्याबद्दल झापत असे, तेही तेवढ्याच जोरात.

पिल्लू वाढलं. एक प्रौढ माकडीण होती, स्वतःचं पिल्लू गमावलेली. तिच्या शेजारच्या पिंजऱ्यात त्याला ठेवलं. ती जाळीतून हात घालून त्याचे केस विंचरायला लागली, आठवड्याभरात तिने ते पोटाशी घेतलं. मी दूध पाजणं बंद केलं आणि त्या खोलीकडे फिरकले नाही. पुढच्या काही महिन्यांत दोघींना नऊ माकडांच्या टोळीत मिसळलं. सोडण्याआधी परीक्षा असते. अनोळखी माणसं पिंजऱ्याजवळून बोलत जातात, माकडांनी लांब सरायचं. ती परीक्षा मी घेतली. कन्नड झाली, हिंदी झाली, इंग्रजी झाली, तमिळ झाली. पिल्लू प्रत्येक वेळी माकडिणीच्या पोटाखाली दडलं. वन खात्याची परवानगी आली, दहा दिवसांनंतरचा दिवस ठरला. मी हवेत होते.

त्याच आठवड्यात मी डबा घरी विसरले. आई शेजारणीबरोबर बनशंकरीला देवीच्या दर्शनाला आली होती, तिथून ती थेट केंद्रावर येऊन धडकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पिंजऱ्यामागच्या वाटेवर मी आणि आमचे सगळ्यात जुने राखणदार उभे होतो. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. आईने लांबूनच सुरुवात केली.

"अय्यो, काय गं बयो हे! डबा ओट्यावरच ठेवून आलीस. आटोवाला इकडे यायलाच तयार नाही, मी म्हटलं, चल रे बाबा, पोरगी उपाशी आहे माझी."

पिंजऱ्यात पिल्लाने मान उचलली. माकडिणीचं पोट सोडून ते जाळीकडे धावत आलं, दोन्ही हात बाहेर काढले आणि आईपासून चुकलेलं पिल्लू घालतं तशी लांब, बारीक साद घातली. एकदा नाही, सारखी. मागून माकडीण त्याची शेपटी ओढत होती आणि ते तिला झिडकारत होतं.

आईचा आवाज आणि माझा आवाज फोनवर लोकांना ओळखू येत नाही इतका सारखा आहे.

अण्णा आईच्या पिशवीकडे बघून म्हणाले, "अम्मांच्या पिशवीत केळं असेल."

नुसतं हो म्हणायचं होतं. कुणाला काही कळलं नसतं, टोळी दहा दिवसांनी सुटली असती, आणि जंगलाच्या कडेला एखादा मराठी पर्यटक बोलत उभा राहिला असता तर पिल्लू त्याच्या गाडीपुढे गेलं असतं. माझ्यात खूप खोड्या आहेत, पण कामात मी खोटं बोलत नाही.

"केळं नाही, अण्णा," मी म्हटलं. "मी पाजताना बोलत होते. रोज. आमच्या भाषेत."

अण्णांनी जाळीतून बाहेर आलेले ते दोन हात बघितले. मग म्हणाले, "मॅडम, भिंतीवर त्या भाषेतही लिहून टाका."

त्या दिवशी मी वन खात्याला पत्र लिहिलं. सोडणं दोन महिने पुढे ढकलावं, कारण माझी चूक, असं सरळ लिहिलं. तोवर पिल्लाची खोड मोडली नाही तर टोळी जाईल आणि ते एकटं मागे राहील, कायमचं, हेही लिहिलं. नव्या मुलामुलींना बोलावून तेच सांगितलं. एक मुलगी हसली. तिला हसायचा हक्क होता.

उपाय मात्र मला लगेच सुचला, याचा अजून अभिमान आहे. मराठी कानावर पडायला हवी आणि तिच्यातून काहीही मिळता कामा नये. दूध नाही, नजर नाही, माया नाही. त्यासाठी मला मराठी बोलणारी माणसं हवी होती, आणि आईच्या भजनी मंडळात ती भरपूर होती. आठवड्यातून तीन दिवस आई आणि तिच्या दोन मैत्रिणी मास्क लावून त्या वाटेवर खुर्च्या टाकून बसू लागल्या. पिंजऱ्याकडे पाठ. वळून बघायचं नाही, ही एकच अट. एरवी सुनांपासून सांबाराच्या मसाल्यापर्यंत काय वाटेल ते बोलावं.

मी ऑफिसात कॅमेऱ्यावर बघत होते. पहिल्या दिवशी पिल्लू जाळीला लटकून ओरडत राहिलं. आईचे खांदे हलताना दिसले. ती रडत होती आणि रडता रडता वांग्याच्या भाजीची कृती सांगत होती. तिने मान वळवली नाही. इतकी वर्षं मी ज्यांना शिकवत आले, त्यांच्यात इतकं पक्कं कुणी निघालं नव्हतं.

घरी परतताना बसमध्ये तिने विचारलं, "काय बोलायचीस गं तिच्याशी?"

"सगळंच. तुझ्या गुडघ्याचं. स्थळाचं. असंच."

"मला तर नुसतं हं म्हणतेस," आई म्हणाली. रागाने नाही. मला रागावलेलं चाललं असतं.

चौथ्या आठवड्यात पिल्लू जाळीपर्यंत येऊन परत फिरलं. सहाव्यात त्याने बसल्या जागेवरून नुसतं बघितलं. आठव्या आठवड्यात आईची मैत्रीण पिंजऱ्यामागे मोठमोठ्याने हसत होती आणि ते माकडिणीच्या पाठीवरून ढिम्म हललं नाही.

सोडायच्या दिवशी पहाटे आम्ही जंगलात पोचलो. पिंजऱ्यांची दारं उघडली. टोळी झाडांवर गेली. पिल्लू एका खालच्या फांदीवर थांबलं आणि आमच्याकडे बघायला लागलं.

अण्णा हळूच म्हणाले, "शेवटची परीक्षा तुमच्या आवाजाची, मॅडम. आलं तर परत न्यायचं."

मी मास्क खाली केला आणि पूर्वी बोलायची तशीच बोलले. "काय गं बयो, जेवलीस का?"

त्याने कान हलवले. अगदी तसेच. ते यावं असं मला वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. वर माकडिणीने एक बारीकसा आवाज केला. पिल्लाने मान फिरवली, चार उड्यांत तिच्या पोटाशी गेलं आणि पानांत दिसेनासं झालं. मी तिथेच मातीत बसून रडले. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं.

जीपमध्ये बसल्या बसल्या आईला फोन लावला.

"आली का गं?" आईने श्वास रोखून विचारलं.

"नाही आली."

"देवी पावली," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बरं, आता मला सांग. सगळं सांग."

मी सांगायला लागले. बनशंकरीचा सिग्नल आला तरी माझं संपलं नव्हतं, आणि पलीकडून आई मधूनमधून नुसतं "हं" म्हणत होती.